ध्वनिपातळीचा कारभार

संगणकावर गाणे ऐकणाऱ्या मनुष्याच्या हाताशी आज आवाज कमीजास्त करण्याची निदान तीन साधने असतात: ज्या प्लेअरमधून गाणे वाजते त्याची पट्टी, संगणकाच्या एकंदर ध्वनीची पट्टी, आणि साउंड कार्डापुढे हेडफोनसाठी स्वतंत्र ॲम्प्लिफायर जोडला असेल तर त्या ॲम्प्लिफायरचे फिरते बटण. या तिघांपैकी कोणते पूर्ण उघडे ठेवावे, कोणते अर्ध्यावर थांबवावे आणि प्रत्यक्ष ऐकताना हात कोणत्यावर असावा, हा प्रश्न वरवर पाहणाऱ्यास क्षुल्लक वाटेल. कारण कोणतेही बटण कोणत्याही क्रमाने फिरवले तरी कानांपर्यंत पोहोचणारा आवाज वाढतो किंवा उतरतो, आणि सामान्य श्रोत्याचे समाधान तेवढ्याने होते. परंतु याच प्रश्नाचा निवाडा करण्यासाठी प्रथम टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्यांनी, नंतर नभोवाणीच्या नियंत्रणकक्षात बसणाऱ्यांनी आणि त्यानंतर ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातील मंडळींनी आपल्या उमेदीची वर्षे वेचली. त्यांनी घालून दिलेली वहिवाट संगणक घरोघर शिरल्यावर एकाएकी बेवारस झाली, आणि जो अखत्यार पूर्वी एका प्रशिक्षित मनुष्याकडे असे तो ज्यांना कोणी काही शिकवले नव्हते अशा कोट्यवधी श्रोत्यांकडे वाटला गेला, हीच माझ्या मते या इतिहासातील मध्यवर्ती घटना आहे.

विद्युत् येण्यापूर्वी या कारभाराला यंत्र नव्हते. १९०२ साली फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास येऊन गौहरजानचे गाणे मुद्रित करून गेला, तेव्हा गाणाऱ्याच्या तोंडासमोर एक कर्णा असे आणि त्या कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाला मेणाच्या तबकडीवर चर कोरणारी सुई. आवाज लहान झाला तर चर इतका उथळ उमटे की वाजवताना तो तबकडीच्या खरखरीत बुडून जाई. आवाज फार मोठा झाला तर सुई आपल्या मर्यादेबाहेर जाऊन चर बिघडवी. म्हणून तार षड्जाकडे जाताना गाणाऱ्याने मागे सरावे आणि खाली उतरताना पुन्हा कर्ण्याशी यावे, असा प्रकार जगभरच्या मुद्रणगृहांत चाले. खाली खरखरीची जमीन आणि वर विकृतीचे छत, आणि गाण्याने या दोहोंच्या दरम्यान राहायचे, ही मर्यादा त्या काळातील गायकास स्वतःच्या पायांनी पाळावी लागत होती. पुढील शंभर वर्षांत साधने पालटली, पण जमीन आणि छत ही दोन टोके कायम राहिली.

त्यांचे शास्त्र मात्र टेलिफोनने घडवले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत टेलिफोनच्या तारेतून जाताना आवाज किती क्षीण होतो हे मोजण्यासाठी ‘प्रमाण केबलचा मैल’ हे माप वापरीत. एका ठराविक जातीच्या केबलच्या एका मैलात जितकी घट होई ती एक एकक. हे माप ओबडधोबड असले तरी त्यामागे एक मार्मिक योगायोग होता: साधारण मनुष्याच्या कानाला आवाजातील जो सर्वांत लहान फरक जाणवू शकतो, त्याच्या जवळपासच ही मैलाची घट येई. बेल कंपनीच्या अभियंत्यांनी १९२४ च्या सुमारास त्याच्या जागी केबलच्या जातीवर किंवा स्वराच्या उंचीवर अवलंबून नसलेले शुद्ध गणिती एकक आणले, आणि त्याच एककास पुढे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच्या स्मरणार्थ डेसिबल हे नाव मिळाले. संगणकाच्या ध्वनिपट्टीशेजारी आज जे उणे चिन्हाचे आकडे दिसतात, त्यांची वंशावळ अशी त्या केबलच्या मैलापर्यंत मागे जाते.

न्यूयॉर्कपासून सॅन फ्रॅन्सिस्कोपर्यंतची सुमारे ३,४०० मैलांची टेलिफोन लाइन २५ जानेवारी १९१५ रोजी समारंभपूर्वक सुरू झाली, तेव्हा पूर्व किनाऱ्यावर वृद्ध बेल आणि पश्चिम किनाऱ्यावर त्याचा जुना सहकारी वॉटसन बोलण्यास बसले होते. हे संभाषण शक्य झाले ते वाटेत बसवलेल्या निर्वात नळ्यांच्या पुनर्वर्धकांमुळे. हे पुनर्वर्धक कोठे बसवावेत, याच हिशेबातून ध्वनिपातळीच्या सर्व कारभाराचा पहिला कायदा निघाला. आवाज पार क्षीण होऊन तारेतील खरखरीच्या जवळ आला आणि मग त्याचे वर्धन केले, तर पुनर्वर्धक बिचारा आवाज आणि खरखर असा भेद जाणत नाही. तो दोहोंना सारखेच मोठे करतो. तेव्हा आवाज भरदार असतानाच त्यास बळ दिले पाहिजे, आणि वाट संपेपर्यंत त्यास खाली बसू देता कामा नये. दळणात एकदा खडा गेला की पुढे पीठ पायलीने मोजा वा चिपट्याने, कचकच तीच राहते. ध्वनीच्या साखळीत आरंभीच्या टप्प्यावर मिसळलेल्या खरखरीचेही नेमके असेच आहे.

खरखरीची ही जमीन कितीही उत्तम साहित्य वापरले तरी संपूर्ण नाहीशी होत नाही, हे १९२८ साली सिद्ध झाले. बेल प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन याने दाखवून दिले की कोणत्याही विद्युत्‌वाहकात केवळ त्याच्या उष्णतेमुळे एक सूक्ष्म कोलाहल सदैव चालू असतो, आणि त्याचाच सहकारी हॅरी नायक्विस्ट याने त्या कोलाहलाचे गणित मांडले. हे दोघेही स्वीडनमध्ये जन्मून अमेरिकेत आलेले. याच सुमारास छताकडेही दुसऱ्या एका अभियंत्याचे लक्ष लागले होते. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेत बसून कामावर जात असता हॅरॉल्ड ब्लॅक याला एकाएकी सुचले की वर्धकाच्या फलिताचा काही अंश उलट करून त्याच्या मुखाशी परत नेला तर वर्धनाचे बळ घटेल, परंतु विकृतीही त्याच प्रमाणात नाहीशी होईल. आणि त्याने ती आकृती हातातील वृत्तपत्राच्या पानावरच काढून ठेवली. बळ मुद्दाम गमावून शुद्धता मिळवावी, ही कल्पना त्या काळी इतकी विपरीत वाटली की तिचे पेटंट हाती पडेपर्यंत १९३७ साल उजाडले. आजचा हेडफोनचा बहुतेक प्रत्येक ॲम्प्लिफायर ब्लॅकच्या त्या आकृतीचाच वंशज आहे.

टेलिफोनकडून हा कारभार नभोवाणीकडे आला, आणि येथे त्यास प्रथमच एक जबाबदार अधिकारी लाभला. नियंत्रणकक्षात काट्याच्या मापकासमोर बसलेला, एक हात बटणावर ठेवून गाणारा, वक्ता आणि वाद्यवृंद यांना जमीन आणि छत यांच्या दरम्यान राखणारा तो मनुष्य श्रोत्यांना कधी दिसला नाही. त्याचा अखत्यार मात्र मोठा होता. लिओपोल्ड स्टोकोव्स्कीसारख्या मानी वाद्यवृंदनायकास तो सलू लागला यात नवल नाही. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल प्रयोगशाळेच्या प्रसिद्ध प्रयोगात फिलाडेल्फियात बसलेल्या वाद्यवृंदाचे वादन तारेने वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवले गेले, तेव्हा वाद्यवृंदासमोर दुसरा नायक उभा होता आणि स्वतः स्टोकोव्स्की वॉशिंग्टनमध्ये नियंत्रणाच्या बटणांपाशी बसला होता. संगीताचा अर्थ पातळीच्या बटणावरही अवलंबून असतो, याची याहून ठसठशीत कबुली कोणत्या कलावंताने दिल्याचे मला आठवत नाही.

अमेरिकेत प्रत्येक कंपनीचा काटा निराळा आणि प्रत्येकाची शून्याची खूण निराळी, असा गोंधळ काही वर्षे चालला. १९३९ साली बेल प्रयोगशाळा आणि दोन मोठ्या नभोवाणी कंपन्या यांनी मिळून एक समाईक मापक ठरवला, तोच व्ही. यू. मीटर. त्याचा काटा मुद्दाम संथ ठेवला होता. एखादा स्वर सुमारे तीन दशांश सेकंद टिकला तरच तो आपल्या जागी पोहोचे, त्यामुळे क्षणिक आघातापेक्षा कानास जाणवणाऱ्या भरावाचे माप त्यावर उमटे. ६०० ओहमांच्या टेलिफोन लाइनीत एक मिलिवॅट शक्ती, म्हणजे ०.७७५ व्होल्ट, ही मूळ खूण धरून आणि तिच्यावर चार डेसिबल चढून धंदेवाईक ध्वनियंत्रांची पातळी सुमारे १.२३ व्होल्ट अशी रूढ झाली. टेलिफोनची लाइन कधीच मागे पडली, पण तिच्या नावाची ‘लाइन’ पातळी आणि ०.७७५ चा आकडा आजही ध्वनियंत्रांच्या माहितीपत्रकांत जुन्या सनदेसारखा जपलेला आहे.

आपल्याकडे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले तेव्हा त्याचे प्रक्षेपक अवघे दीड किलोवॅटचे होते, आणि शहरातील पुष्कळ श्रोते स्फटिक-संचावर ऐकत. या संचाला ना बॅटरी, ना वर्धक, ना आवाजाचे बटण. आकाशातून येणाऱ्या लहरींत जेवढी शक्ती असेल तेवढ्याच शक्तीवर कानांवरचे हेडफोन हलत, आणि प्रक्षेपकापासून घर किती दूर व एरियल किती उंच यावर आवाज ठरे. अशा नाजूक शक्तीवर चालण्याजोगे संवेदनशील हेडफोन करणारा पहिला नामांकित कारागीर म्हणजे यूटाचा नॅथॅनिएल बाल्डविन. त्याने १९१० साली आपल्या स्वयंपाकघरात बनवलेली जोडी अमेरिकी नौदलाकडे पाठवली होती. स्फटिक-संचाच्या श्रोत्यास पातळीची चिंता नव्हती. तिची सारी जबाबदारी केंद्रावर होती. पुढे १९३६ साली ऑल इंडिया रेडिओ या नावाने सरकारी यंत्रणा उभी राहिली आणि बी. बी. सी. तून आलेले सी. डब्ल्यू. गॉयडर तिचे मुख्य अभियंते झाले, तेव्हा त्या संस्थेची नियंत्रणकक्षाची शिस्तही त्यांच्याबरोबर येथे आली. आकाशवाणीवरील विलंबित ख्याल, त्यानंतरचे वृत्तनिवेदन आणि त्यामागून येणारी सनई, ही तिन्ही घरातील बटणास हात न लावता ऐकता येत असत, ती या शिस्तीची कमाई होती.

घरगुती यंत्रांच्या दुनियेत हेडफोनला पुष्कळ काळ पाहुण्याचेच स्थान होते. १९५८ साली मिलवॉकीच्या जॉन कॉस याने संगीत ऐकण्यासाठी म्हणून स्टीरिओ हेडफोन बाजारात आणला, तोपर्यंत हे साधन तारायंत्रवाल्यांचे व वैमानिकांचे समजले जाई. त्यानंतर ॲम्प्लिफायर बनवणाऱ्यांनी दर्शनी पत्र्यावर हेडफोनचे एक छिद्र ठेवण्यास सुरुवात केली खरी, पण त्यामागे स्वतंत्र वर्धक क्वचितच असे. लाउडस्पीकरसाठी असलेल्या बलाढ्य वर्धकालाच दोन रोधक जोडून त्याचा प्रवाह हेडफोनपुरता उणावत. या वहिवाटीस धरून हेडफोनही निरनिराळ्या रोधाचे झाले. सेनहायझरचा १९६८ सालचा एच. डी. ४१४ हा दोन हजार ओहमांचा होता. १९७९ च्या जुलैत सोनीचा वॉकमन आला आणि वारे फिरले: दोन लहान बॅटरीसेलांवर चालायचे म्हणजे व्होल्टेज तुटपुंजे, तेव्हा हेडफोनचा रोध कमी हवा. एका पिढीच्या अवधीत दोन हजार ओहमांपासून तीस-बत्तीस ओहमांपर्यंतची सर्व जात बाजारात एकाच वेळी नांदू लागली, आणि एकाच छिद्रात दोन हेडफोन आळीपाळीने घातले तर एक कुजबुजतो आणि दुसरा ओरडतो, हा अनुभव श्रोत्यांच्या नशिबी आला तो तेव्हापासून.

१९८२ च्या ऑक्टोबरात जपानात कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीस आली, आणि छताचे स्वरूपच पालटले. चुंबकीय फितीवर आवाज मर्यादेबाहेर गेला तर विकृती हळूहळू चढे, आणि अनुभवी मुद्रक त्या चढणीचा सौंदर्यासाठीही उपयोग करून घेई. आकड्यांच्या ध्वनीत मात्र सर्वांत मोठ्या संख्येच्या वर दुसरी संख्याच नाही, तेथे लहरींचा माथा थेट कापला जातो आणि आवाज फाटतो. जमीनही नव्या मापाने ठरली. ध्वनीचा प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहिला जातो, प्रत्येक बिट सुमारे सहा डेसिबलांचा, म्हणून माथ्यापासून तळापर्यंत एकंदर ९६ डेसिबल. याचा अर्थ असा की १६ बिटांच्या साखळीत आकड्यांनीच आवाज ४८ डेसिबल खाली आणला तर संगीताच्या वाट्याला आठच बिट उरतात. वॉटरलू विद्यापीठाच्या व्हँडरकॉय आणि लिपशिट्झ यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की योग्य प्रकारची अत्यल्प खरखर मुद्दाम मिसळली तर शेवटच्या बिटाखालचे स्वरही ऐकू येतात. परंतु त्या उपायाने विकृती जाते, जमीन खाली जात नाही. कॉम्पॅक्ट डिस्कच्या यंत्रांचे कमाल व्होल्टेज दोन व्होल्टांच्या आसपास स्थिरावले, म्हणजे घरगुती यंत्रांसाठी पूर्वी रूढ असलेल्या ०.३१६ व्होल्टांच्या खुणेपेक्षा कितीतरी वर. पुढे आकड्यांचे विद्युत् लहरींत रूपांतर करणाऱ्या, संगणकाबाहेरच्या परिवर्तकांनीही हाच दोन व्होल्टांचा आकडा उचलला.

संगणकाचा स्वतःचा इतिहास याहून दीन आहे. १९८१ च्या आय. बी. एम. पर्सनल कॉम्प्युटरला चालू-बंद एवढेच जाणणारा एक लहान स्पीकर होता आणि त्यास आवाजाचे बटणच नव्हते. १९८७ साली क्यूबेकच्या ॲडलिब कंपनीने, आणि १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने ‘साउंड ब्लास्टर’ नावाने, यंत्राच्या पोटात बसणारी कार्डे काढली, तेव्हा त्यांचे गिऱ्हाईक मुख्यतः खेळ खेळणारे होते. पहिल्या साउंड ब्लास्टरच्या पाठीमागच्या पत्र्यावर आवाजाचे एक लहानसे चाक होते आणि आत स्पीकर हलवण्याजोगा लहान वर्धकही होता. म्हणजे साउंड कार्ड आणि हेडफोनचा ॲम्प्लिफायर हे दोघे प्रथम एकाच घरात जन्मले, एकाच चाकाच्या हुकुमात. पुढे हे चाक जाऊन त्याच्या जागी कार्डावर मिक्सरची चिप आणि पडद्यावर पट्ट्या आल्या. विंडोज ९५ च्या काळात घड्याळाशेजारच्या कर्ण्याच्या चित्रावर टिचकी मारली की वेव्ह, मिडी, सीडी, लाइन-इन, मायक्रोफोन आणि या सर्वांवर एक मुख्य, असा पट्ट्यांचा जणू दरबारच उघडे. नियंत्रणकक्षातील ही सारी सामग्री प्रत्येक घरी पोहोचली, मात्र काटा पोहोचला नाही. कोणती पट्टी मोकळी ठेवायची, रिकाम्या मायक्रोफोनची वाट बंद केली नाही तर तिच्यातून खरखर कशी आत येते, हे सांगणारा मनुष्य त्या सामग्रीबरोबर आला नव्हता.

यातील सर्वांत बोलका पुरावा इंटेलने १९९७ साली घालून दिलेल्या ए. सी. ९७ या मानकात सापडतो. पुढील सात-आठ वर्षे जगातील बहुतेक संगणकांच्या मदरबोर्डांवर जो ध्वनी बसला तो या मानकाचा. त्यात संगीताच्या आकड्यांसाठी, म्हणजे पी. सी. एम. साठी, जी पट्टी ठेवली होती तिला ३२ पायऱ्या, प्रत्येक पायरी दीड डेसिबलाची; आणि तिची कमाल जागा शून्य डेसिबल नसून अधिक १२ डेसिबल होती. म्हणजे पट्टी शेवटापर्यंत सरकवणारा सरळमार्गी श्रोता, आपण ध्वनीस पूर्ण वाट दिली असे समजत असता, प्रत्यक्षात त्याची लहर चौपट करून छतावर आदळवीत असे. तटस्थ जागा होती वरून आठ पायऱ्या खाली, म्हणजे सुमारे ७४ टक्क्यांवर. लिनक्स वापरणाऱ्या जाणत्या मंडळींत ७४ चा हा आकडा कानोकानी पसरला. इतरांनी फाटका आवाज हा स्वस्त कार्डाचा दोष मानून सोडून दिला. दोष कार्डाचा नव्हता. ज्याच्या हाती पट्टी होती त्याला शून्य कोठे आहे हे पडद्यावर कोठेही लिहून दाखवलेले नव्हते, आणि एवढ्या मोठ्या प्रमाणावर पसरलेल्या यंत्रात ही खूण गाळली जावी, हा मी या सर्व इतिहासातील अक्षम्य हलगर्जीपणा समजतो. २००७ साली विंडोज व्हिस्टा आली तेव्हा सर्व ध्वनी प्रशस्त ३२ बिटांच्या चलबिंदू (फ्लोटिंग-पॉइंट) अंकांत मिसळण्याची रीत पडली, पट्टीच्या माथ्यावर वर्धन उरले नाही, आणि ‘संगणकाची पट्टी पूर्ण वर ठेवा’ हा उपदेश पुष्कळ अंशी निर्धोक झाला.

हा उपदेश ज्यांनी रूढ केला ते हेडफोनचे षौकीन होते. संगणकाच्या पेटीत पंखे, चकत्या आणि प्रोसेसर यांचा विद्युत् कोलाहल. साउंड कार्डाचा वर्धक जेमतेम. आणि हातात मात्र स्टुडिओतील तीनशे किंवा सहाशे ओहमांचे उंची हेडफोन. या विसंगतीतून १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्वतंत्र हेडफोन-ॲम्प्लिफायरची हौस फोफावली. चू मॉय याने प्रसिद्ध केलेली खिशात मावणारी रचना तिचे प्रतीक झाली. पेपरमिंटच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ती बसे, नऊ व्होल्टांच्या एका बॅटरीवर चाले, आणि तिचे वर्धन सुमारे अकरापट होते. दुबळ्या वॉकमनसाठी अकरापट ठीकच. परंतु दोन व्होल्ट देणाऱ्या यंत्रापुढे तीच डबी जोडली तर हिशेबाने २२ व्होल्ट हवेत, आणि बॅटरी तर दोन बाजूंस मिळून नऊच व्होल्टांची. या रचनेत बटण वर्धकाच्या आधी असल्यामुळे ते खाली ठेवले की आवाज फाटण्याचे टळे. पण मग बटण आपल्या फेऱ्याच्या अगदी आरंभी अडकून पडे, आणि तेथे एक निराळीच अडचण दबा धरून बसलेली असे. फिरत्या बटणाखाली दोन कानांसाठी कार्बनच्या दोन स्वतंत्र पट्ट्या असतात. फेऱ्याच्या मध्यावर त्या एकमेकींशी जुळतात, आरंभी मात्र क्वचितच जुळतात, आणि तानपुरा एका कानाकडे सरकल्यासारखा वाटू लागतो.

येथेच तो जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतो, आणि त्याचे उत्तर आकड्यांनीच द्यावे लागते. समजा, एका व्होल्टास शंभर डेसिबल देणारा हेडफोन आहे आणि श्रोत्यास सरासरी ७५ डेसिबल पुरेसे आहेत. तर त्याला लागतात केवळ ५६ मिलिव्होल्ट. दोन व्होल्टांच्या परिवर्तकातून निघालेल्या संगीताची सरासरी माथ्यापासून १५ डेसिबल खाली धरली तर ती येते ०.३६ व्होल्ट, अडीचपट वर्धनाने होते ०.८९, आणि बटणास मग २४ डेसिबल उतरावे लागते, जे त्याच्या फेऱ्याच्या सुस्थितीतील भागात बसते. अकरापट वर्धनाने तेच उतरणे जवळजवळ ३७ डेसिबलांचे होते आणि बटण कोपऱ्यात जाते. म्हणून खरे औषध वर्धन कमी करण्याचे. ते शक्य नसेल तर संगणकाची पट्टी दहा-बारा डेसिबल उतरवून बटणास मोकळी जागा द्यावी. २४ बिटांच्या परिवर्तकात एवढ्या उतरण्याने ऐकू येण्याजोगे काही हरवत नाही. पट्टी चाळीस डेसिबल खाली आणि बटण पूर्ण वर, ही उलटी मांडणी मात्र टेलिफोनवाल्यांचा तो पहिला कायदा मोडते: ॲम्प्लिफायरची स्वतःची खरखर तेवढीच राहते, संगीत शंभरपट लहान होऊन तिच्याजवळ येऊन बसते, आणि मग दोहोंना एकत्र वर उचलले जाते. शिवाय संगणकाची एखादी सूचना-घंटा पट्टीला बगल देऊन वाजली, तर तिला अडवणारे वाटेत काहीच नसते.

२०११ साली एका अनामिक अभियंत्याने ‘ऑब्जेक्टिव्ह टू’ नावाची रचना सर्वांसाठी खुली केली, ती या वादातील महत्त्वाचा दस्तऐवज म्हटली पाहिजे. त्याने वर्धन अडीचपट आणि साडेसहापट असे दोन ठेवले, आणि बटण वर्धनाच्या टप्प्यानंतर बसवले, जेणेकरून बटण खाली आणले की त्या टप्प्याची खरखरही बरोबरच खाली जावी. हे टेलिफोनच्या कायद्यास अक्षरशः धरून होते. परंतु त्याची किंमतही होती: साडेसहापट वर्धनावर दोन व्होल्ट आत सोडले तर मागणी १३ व्होल्टांची होते, ती रचना सुमारे सातच देऊ शकते, आणि फाटणे बटणाच्या आधीच घडत असल्यामुळे बटण कितीही खाली नेले तरी थांबत नाही. तेथे उतरायचे ते संगणकाच्या पट्टीनेच. म्हणजे ‘संगणक पूर्ण वर, बटण हाताशी’ हा सरसकट हुकूम देता येत नाही. बटण वर्धनाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे पाहूनच निकाल लागतो. रचनाकाराने हे स्पष्ट लिहून ठेवले होते. विक्रीस आलेल्या कितीतरी यंत्रांच्या माहितीपत्रकात हे एक वाक्य सापडत नाही, आणि ग्राहक बिचारा हेडफोन बदलीत राहतो.

पातळीचा हा हिशेब शेवटी कानापाशी येऊन थांबतो, आणि कान हा सरळ मापक नव्हे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवले की आवाज उतरला म्हणजे खर्जाचे स्वर इतरांपेक्षा अधिक वेगाने नाहीसे होतात. म्हणून दोन ॲम्प्लिफायरांची तुलना करणाऱ्याने प्रथम दोहोंची पातळी मापकाने जुळवली नाही, तर जो एखाद्या डेसिबलाने मोठा तोच अधिक भरदार भासतो. ख्यालगायन ऐकणाऱ्याची अडचण याहून वेगळी. विलंबिताच्या आरंभी तानपुऱ्याची जवारी कानात भरावी म्हणून बटण वर नेले जाते, आणि द्रुतात तबल्याची थाप त्याच बटणावर आघात करते. पण मधल्या या अंतरातच त्या गायनाचा प्राण असल्यामुळे श्रोत्याने तेथे बटणास हात लावू नये असेच मी म्हणेन. दोन मुद्रणांमधील अकारण तफावत मात्र निवारता येते. २००१ साली डेव्हिड रॉबिन्सन याने मांडलेली रीप्लेगेनची पद्धत, २००६ चे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मोजमाप आणि २०१० साली युरोपीय प्रक्षेपकांनी त्यावर बसवलेला उणे २३ चा दंडक, यांमुळे नियंत्रणकक्षातील तो हरवलेला अधिकारी काही अंशी गणिताच्या रूपाने परत आला आहे.

तो परत आला तरी त्याची नजर कानापर्यंत पोहोचत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि दूरसंचार संघ यांनी २०१८ साली श्रवणाच्या सुरक्षिततेसाठी जे मानक काढले, त्यानुसार प्रौढ मनुष्यास आठवड्याला ८० डेसिबलांवर ४० तासांची मुभा आहे. पातळी तीन डेसिबलांनी चढली की ही मुभा निम्मी होते, म्हणजे ८३ वर वीस तास आणि ८६ वर दहा. मोबाइल फोनने आपल्या हेडफोनचा हा जमाखर्च स्वतःच ठेवावा आणि मुभा संपत आली की श्रोत्यास कळवावे, अशी त्यात योजना आहे. फोनमध्ये हे साधते, कारण पट्टी, वर्धक आणि पुष्कळदा हेडफोनही एकाच दफ्तरी नोंदलेले असतात. संगणकापुढे स्वतंत्र ॲम्प्लिफायर जोडला की ही नोंद तुटते. संगणकाला फक्त स्वतःची पट्टी ठाऊक, आणि पलीकडचे बटण नवाच्या खुणेवर आहे की तीनच्या, वर्धन अडीचपट आहे की साडेसहापट, याची खबर त्या तारेतून उलट दिशेने येत नाही.